थिबा राजवाड्याचे फोटो: परवानगीपासून फोटोओळीपर्यंत

रत्नागिरीच्या थिबा राजवाड्याचे बहुतेक फोटो समोर मधोमध उभे राहून काढलेले असतात. लाल भिंती, तीन मजले, उतरती छपरे. फोटो देखणा येतो, पण ही वास्तू एका नजरकैदेतल्या राजासाठी सरकारने बांधली, हे त्यातून कळत नाही. म्हणून या इमारतीची छायाचित्र-नोंद करताना मी आधी तारखा पक्क्या केल्या आणि मग कॅमेरा बाहेर काढला.

नोव्हेंबर 1885 मध्ये मंडाले पडले आणि ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा इंग्रजांच्या हाती लागला. आधी मद्रास आणि मग 1886 मध्ये रत्नागिरी. इथे तो वर्षानुवर्षे बंगल्यांत राहिला. राजवाड्यात राहायला आला तो 1910 मध्ये आणि डिसेंबर 1916 मध्ये वारला. म्हणजे रत्नागिरीत तीस वर्षे, पण या वास्तूत जेमतेम सहा. ‘थिबाने तीस वर्षे या राजवाड्यात काढली’ अशी फोटोओळ अनेक ठिकाणी दिसते, ती चूक आहे. रत्नागिरीचे जुने गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) 1880 चे आहे, त्यात राजवाडा शोधण्यात वेळ घालवू नये.

वास्तू राज्य पुरातत्त्व विभागाकडे आहे आणि आत संग्रहालय आहे. हातात धरलेल्या कॅमेऱ्याला सहसा आडकाठी होत नाही. ट्रायपॉड, दिवे किंवा प्रकाशनासाठीचे काम म्हटले की लेखी परवानगी घ्यावी. अर्जात उद्देश, तारीख, वेळ, बरोबरची माणसे, उपकरणांची यादी आणि फोटो कुठे वापरणार ते लिहावे. ओळखपत्राची प्रत जोडावी. फोटोंची एक प्रत विभागाला देण्याची तयारीही अर्जातच लिहावी, त्याने काम सोपे होते. पोचवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये, कारण पुढची सगळी चौकशी त्याच क्रमांकावर होते. ड्रोनचा विचार असेल तर आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाचा नकाशा पाहावा. रत्नागिरीत तटरक्षक दलाचे विमानतळ असल्याने ‘गावाबाहेरच तर आहे’ म्हणून ड्रोन उडवणे चालत नाही.

उजेडाचे गणित कोकणात वेगळे पडते. रत्नागिरी 17 अंश उत्तर अक्षांशावर आहे. साधारण मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे झुकलेला असतो, आणि पुढे आलेल्या छपरांची सावली थेट खिडक्यांवर उतरते. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी क्षितिजापासून सुमारे 50 अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या भिंतीवरचे काम नीट उठून दिसते. इथली खरी मध्यान्ह साडेबाराच्या आसपास होते, घड्याळातल्या बाराला नव्हे. नक्षीच्या नोंदीसाठी मला मात्र ढगाळ दिवस सगळ्यांत चांगला वाटतो. सावल्या मऊ पडतात आणि अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्यांचे कोरीवकाम खोलवर दिसते.

लाल रंग हीच इथली मोठी अडचण. लाल भिंतीवर कॅमेऱ्याचा लाल चॅनल (फोटोतला लाल रंगाचा भाग) आधी भरून जातो आणि त्यातले बारकावे हरवतात, एकूण हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) मात्र ठीक दिसत राहतो. म्हणून लाल-हिरवा-निळा असा वेगळा हिस्टोग्राम चालू ठेवावा, एक्स्पोजर पाऊण स्टॉप कमी करावे (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) आणि फाइल रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या रूपात, घ्यावी. नंतर रंग जुळवण्यासाठी पहिल्या फ्रेममध्ये राखाडी कार्ड धरावे. पावसात जांभ्याचे चिरे भिजून काळपट होतात आणि भिंतींवर शेवाळ चढते. त्या फोटोंचे रंग उन्हाळ्यातल्या फोटोंशी जुळवायला जाऊ नये, ऋतू नोंदवावा. पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते. सिलिका जेल घालून हवाबंद डबा वापरावा. वातानुकूलित खोलीतून थेट बाहेर आलेल्या भिंगावर बाष्प धरते. पिशवी बंद ठेवून अर्धा तास थांबावे.

कॅमेरा वर उचलला की भिंती मागे झुकतात. कॅमेरा पातळीत ठेवून 24 मिमी भिंगाने थोडे लांबून काढावे आणि जास्तीचे अंगण नंतर कापावे. संगणकावर सरळ करायचे असेल तर चारही बाजूंना दहा टक्के जागा सोडावी, नाहीतर छपराचे टोक कापले जाते. संगमरवरी फरशीच्या नृत्यदालनात आतला अंधार आणि खिडकीबाहेरचा उजेड एका फ्रेममध्ये मावत नाहीत. दोन स्टॉप कमी, मध्यम, दोन स्टॉप जास्त अशा तीन फ्रेम घ्याव्यात. फरशीवर खिडकीची चकाकी हवी की नको हे आधी ठरवावे. पोलरायझर (भिंगावरची चकाकी कमी करणारी काच) तिथे ती बरीचशी घालवतो आणि फरशी निर्जीव दिसते.

जुना फोटो हाती असेल तर त्याच जागेवरून नवा काढणे हा या कामातला सगळ्यांत मोलाचा भाग. भिंग कोणते होते याची चिंता करू नये, कारण दृष्टीकोन फक्त उभे राहण्याच्या जागेवर ठरतो. जवळचा एक खांब आणि त्यामागचे छपराचे टोक निवडावे. जुन्या फोटोत खांब टोकाच्या जितका डावीकडे आहे तितका दिसेपर्यंत आडवे सरकावे. मग जवळच्या दोन खांबांमधले अंतर आणि मागच्या दोन खिडक्यांमधले अंतर यांचे गुणोत्तर जुन्या फोटोत पट्टीने मोजून तेच मिळेपर्यंत पुढे-मागे व्हावे. कॅमेऱ्याची उंची शेवटी जुळवावी. भारतात प्रसिद्ध झालेल्या छायाचित्राचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतर 60 वर्षे असतो, हे तपासूनच जुना फोटो शेजारी छापावा.

मागच्या बाजूची, थिबाने आणलेली बुद्धमूर्ती वगळू नये. तिच्याशिवाय ही वास्तू कुठल्याही सरकारी बंगल्यासारखी दिसते. शिवाजीनगर भागातल्या थिबाच्या आणि राणी सुपयागलेच्या समाध्याही याच मालिकेत हव्यात. म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन डिसेंबर 2012 मध्ये त्या समाधीपाशी आले होते. पर्यटक मात्र राजवाडा पाहून परततात आणि त्यामुळे समाध्यांचे चांगले फोटो फार कमी आहेत.

प्रत्येक फाइलच्या नावात तारीख, दिशा आणि भाग लिहावा: ‘20XX-01-14_पश्चिम_खिडकी-3’ असे. दिशा होकायंत्राने तिथेच घ्यावी. एक प्रत रत्नागिरी नगर वाचनालयाला द्यावी. 1828 पासूनची ही संस्था आहे, आणि गावातला अभ्यासक आधी तिथेच जातो.