नऊशे कॅलरीचं घर

आमच्या सर्व्हेत घर नंबर 114 च्या फॉर्ममध्ये दूध शून्य होतं. घरात चार माणसं, त्यातला एक मुलगा सहावीत, आणि तीस दिवसांत दूध शून्य, विकत घेतलेलं धान्य शून्य, रेशनचं फुकटचं 20 किलो, डाळ दोन किलो, तेल दोन लिटर, साखर दोन किलो, भाजी किरकोळ. कॉम्प्युटरने हिशोब करून माणशी रोजच्या 900 कॅलरी दाखवल्या आणि ओळ लाल केली. 900 कॅलरीत माणूस कसाबसा जगेल पण रोज उठून अंगमेहनतीचं काम करणार नाही, आणि फॉर्मप्रमाणे नवराबायको, थोरली मुलगी तिघंही कामाला जाणारे. म्हटलं झालं, फॉर्म भरायला पाठवलेल्या पोराने वस्तीचा चढ चढायचा कंटाळा केला आणि खाली टपरीवर बसून फॉर्म भरला. असं होतं आमच्या लाइनमध्ये, नवीन नाही.

आता आमची लाइन म्हणजे काय ते थोडं सांगावं लागेल. माझा विषय जागतिक उत्पन्न-विषमता. आईला हे अजून नीट समजावता आलेलं नाही, बार्शीत कोणी विचारलं की ती सांगते, जगात कोण किती गरीब आहे ते मोजते ती, पुण्यात बसून. चूक नाही म्हणा. या विषयातलं मोठं नाव म्हणजे ब्रँको मिलानोविच, याने 1987 साली बेलग्रेडमध्ये पीएचडी केली तीच युगोस्लाव्हियातल्या विषमतेवर, म्हणजे समाजवादी देशात राहून, मग पुढे बरीच वर्षं वर्ल्ड बँकेत. त्याची आयडिया सांगायला सोपी आहे, सगळं जग हा एकच देश आहे असं समजा आणि सगळ्या माणसांना एका रांगेत उभं करा. लाकनर नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्याने 1988 ते 2008 मध्ये या रांगेत कुठल्या जागेवरच्यांचं उत्पन्न किती वाढलं त्याचा जो ग्राफ काढला तो हत्तीचा ग्राफ म्हणून फेमस झाला, पाठीवर आशियातले मधले लोक ज्यांचं उत्पन्न जोरात वाढलं, सोंड खाली वळते तिथे श्रीमंत देशातले खालचे-मधले ज्यांना फारसं काहीच मिळालं नाही, आणि सोंडेचं टोक परत वर, तिथे जगातले वरचे 1 टक्का.

पण ही रांग लावायला माल लागतो आणि तो माल म्हणजे देशोदेशीचे घरोघरी जाऊन भरलेले फॉर्म. तिथे सगळा गोंधळ. ब्राझीलवाले उत्पन्न विचारतात, आपण खर्च विचारतो, आणि खर्चातली विषमता उत्पन्नातल्यापेक्षा बहुतेक वेळा कमी दिसते कारण श्रीमंत माणूस सगळं खर्च करत नाही. वर आपले रुपये आणि त्यांचे रेआल एका मापात आणायचे म्हणजे किमतींचे आकडे लागतात. मी एमएला होते तेव्हा, डिसेंबर 2007 मध्ये, किमतींचा नवीन सर्व्हे आला आणि भारत, चीनची अर्थव्यवस्था कागदावर जवळजवळ 40 टक्क्यांनी लहान झाली. कुणाच्या ताटातली एक पोळी कमी झाली नव्हती, पण मिलानोविचच्या हिशोबात जगाचा गिनी, म्हणजे विषमतेचं माप, शून्याला सगळे सारखे आणि 100 ला सगळं एकाकडे, 65 च्या आसपास होता तो एकदम 70 वर गेला. मी तेव्हाच ठरवलं की आपल्याला हेच करायचंय. का ते विचारू नका, काही लोकांना गटार कुठून तुंबलं ते बघायला आवडतं.

तर गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. आमच्या संस्थेचा छोटासा पायलट सर्व्हे होता, सिंहगड रोडच्या काही सोसायट्या आणि पर्वतीच्या उतारावरची जनता वसाहत. फॉर्म मी बनवलेला. सरकारी फॉर्म भरायला दोन-दोन तास जातात, सोसायट्यांमध्ये कोणी बसू देत नाही, म्हणून मी काटछाट करून पन्नास मिनिटांवर आणला होता आणि त्याबद्दल मीटिंगमध्ये माझं कौतुकही झालं होतं. लाल ओळींचा नियम पण माझाच, माणशी 1,000 कॅलरीच्या खाली किंवा 3,500 च्या वर गेलं की ओळ डेटातून बाहेर. कॅलरीवरून घर तपासायची पद्धत काही माझी नाही, आपल्या पुण्यातच गोखले इन्स्टिट्यूटच्या दांडेकर आणि रथ यांनी 1971 मध्ये 2,250 कॅलरी धरून दारिद्र्यरेषा काढली होती, अजून देशभर त्यावर वाद घालतात लोक.

पोरगा लातूरकडचा, एमए झालेला, हुशार वाटायचा. त्याला म्हटलं चल, परत जाऊ तिथे, माझ्यासमोर फॉर्म भर. तो एवढंच म्हणाला, "मॅडम, मी वर गेलो होतो." मी म्हटलं, बघू. कॅनॉलच्या बाजूने आत शिरलो, पाऊस भुरभुरत होता, पायऱ्या शेवाळलेल्या, दोन ठिकाणी मी भिंतीला धरून चढले आणि हा पुढे न घसरता सरळ, मध्ये एका म्हातारीने त्याला "आज परत का रे" असं विचारलं. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

114 मधल्या ताई घरीच होत्या, दुपारचे साडेतीन, कामावरून नुकत्याच आलेल्या. दहा बाय दहाची खोली, चकचकीत मांडणी. मी सरळ विषयाला हात घातला, दूध घेत नाही का?

"नाही. आम्ही कोराच पितो."

"आणि मुलाला?"

"त्याला शाळेत खिचडी असती की."

हे उत्तर दुधाचं नाही हे मला कळत होतं, पण म्हटलं वेगळं विचारू. ताई, काल सकाळपासून काय काय खाल्लं ते सांगता का? तर त्या हसल्या. "घरचं सांगू का बाहेरचं?"

मी टॅब्लेट मांडीवर ठेवला.

मग सगळं निघालं. सकाळी सातला पहिल्या कामावर चहा-चपाती. दुपारी एका आजींकडे पूर्ण जेवण, वरणभात पोळीभाजी, त्या जेवल्याशिवाय सोडतच नाहीत. नवरा खानावळीत पोळ्या लाटायला, दोन्ही वेळा तिथेच. थोरली एका आजोबांना सांभाळायला जाते, दिवसपाळी, जेवण तिथलं. धाकटा शाळेत. घरी चूल पेटते ती रात्रीच, आणि तेव्हाही निम्मं डब्यातलं. डबे मांडणीवर होते दोन, बाकीच्या भांड्यांपासून वेगळे, परत द्यायचे म्हणून. एकावर कोरलेलं होतं, मुंज, 12-5-1996. कुणाच्या तरी घरच्या मुंजीतला आहेराचा डबा आता रोज भाजी भरून पर्वती चढतो.

आता नियम ऐका. आपल्याकडच्या सर्व्हेत मालकाने कामाच्या माणसाला जेवायला घातलं तर ते अन्न, जिथे शिजलं त्या घरात मोजतात. दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून, आणि हा नियम मूर्खपणाचा नाहीये, देशाची बेरीज बरोबर येते. फक्त वाटणी चुकते. म्हणून सरकारी फॉर्ममध्ये एक वेगळा कॉलम असतो, घरातल्या प्रत्येकाने महिन्यात किती जेवणं बाहेर फुकट जेवली, शाळेत किती, मालकाकडे किती. अर्थतज्ज्ञ बी. एस. मिन्हास यांनी 1991 मध्ये दाखवलंय की हे दुरुस्त केलं नाही तर गरीब आहेत त्यापेक्षा जास्त उपाशी दिसतात आणि श्रीमंत खादाड. मी वाचलेलं होतं, शिकवलेलं पण होतं. आणि पन्नास मिनिटांच्या नादात तो कॉलम मीच उडवला होता.

तिथे बसल्या बसल्या मला घर नंबर 37 आठवलं. सोसायटीतलं रिटायर्ड जोडपं, दोघांना डायबेटिस, आणि दूध रोज दोन लिटर, धान्य 25 किलो, साखर चार किलो, माणशी 3,600 कॅलरी. ती ओळही लाल. मी ऑफिसात जोक केला होता, आजी-आजोबा कुस्ती खेळतात वाटतं. स्वयंपाकाची बाई, दोन केअरटेकर, धुणंभांडीवाली, सगळ्यांचा चहा-जेवण त्या 25 किलोत होतं, आणि मी दोन्ही ओळी, 37 आणि 114, एकाच कमांडने काढून टाकल्या होत्या. या दोनच का, अकरा वर्षं मी दुसऱ्यांच्या सर्व्हेतल्या असल्या टोकाच्या ओळी 'एरर' म्हणून काढत आलेय. टोकं कापली की विषमता कमी दिसते, आणि न कापता जेवणं चुकीच्या घरात ठेवली की जास्त दिसते. दोन चुका उलट दिशेच्या, कधीकधी फिटतही असतील. तशी उत्तरं पेपरात बरोबर धरतात का कुठे?

सरकारी सर्व्हेत 2023-24 ला शहरातल्या वरच्या 5 टक्क्यांचा माणशी महिन्याचा खर्च 20,310 रुपये आलाय. सिंहगड रोडवर लोक तो ऐकून हसतात, एवढा तर आमचा हप्ता. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांनी आमच्या पोरांना गेटवरूनच परत पाठवलेलं असतं. वस्तीत आम्हाला एकाही दारातून परत यावं लागलं नाही.

मी पोराकडे वळून सॉरी म्हटलं. तो रागावला नव्हता, नुसतं म्हणाला, "मॅडम, ते प्रश्न फॉर्ममध्ये नव्हतेच. मी वहीत लिहून ठेवलंय." आणि खरंच वही काढली, मागच्या पानावर घर 114 समोर बॉलपेनने, आई 2, बाबा 2, थोरली 1, धाकटा 1, बाहेर. अजून एकोणीस घरांचं तसंच.

एवढ्यात ताईंनी धाकट्याला दहाची नोट देऊन पिटाळलं होतं, आम्ही नको नको म्हणतोय तोवर तो दुधाची छोटी पिशवी घेऊन भिजत आला. चहा झाला, आलं घातलेला, चांगला दाट. घोट घेता घेता पोराने टॅब्लेट उघडला आणि हळू आवाजात विचारलं,

"मॅडम, पाहुण्यांना दिलेला चहा कुणाच्या खर्चात धरायचा?"

"जिथे केला त्या घराच्या," मी म्हटलं.

त्याने 114 उघडलं आणि दुधापुढचा शून्य खोडून 10 टाकले.