चोपन्नाव्या वर्षी कम्युनिटी कॉलेजात इंग्रजी

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. मी कराडजवळच्या खेड्यातली, पुढे बी.कॉम. झाले आणि सरकारी कचेरीत लागले. आलेलं इंग्रजी परिपत्रक वाचायचं, त्यावर टिपणी लिहायची, हे रोजचंच काम. त्यामुळे लेकीने आम्हा दोघांना ग्रीन कार्डवर कॅलिफोर्नियात बोलावून घेतलं तेव्हा भाषेची अशी धास्ती नव्हती. इथे आल्यावर लक्षात आलं, की पेपर मी सहज वाचते, पण औषधाच्या दुकानातून फोन आला की ततपप होते. समोरचा काय म्हणतोय हेच कळत नाही, तर उत्तर कसलं देणार!

लेक म्हणाली, कम्युनिटी कॉलेजात ईएसएल कर, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठीचा इंग्रजीचा वर्ग. कॅलिफोर्नियात अशी ११६ सरकारी कॉलेजं आहेत आणि इंग्रजीचे वर्ग दोन तऱ्हेचे असतात. एक 'नॉन-क्रेडिट', म्हणजे पदवीच्या हिशेबात न धरले जाणारे. त्यांना फी नाही. दुसरे 'क्रेडिट'चे, राज्याच्या रहिवाशाला एका युनिटला ४६ डॉलर. युनिट म्हणजे विषय किती मोठा ते मोजायचं माप. चार-पाच युनिटांचा एक विषय धरला तर दोनशेच्या आसपास जातात, पुस्तकं वेगळी. ज्यांना पुढे डिग्री किंवा सर्टिफिकेट करायचंय त्यांनी क्रेडिटकडे बघावं. माझं तसं काही नव्हतं.

बागेत भेटणाऱ्या, सहा महिन्यांसाठी आलेल्या आया मला विचारतात, "आम्हालाही येता येईल का हो?" व्हिजिटर व्हिसावर रीतसर प्रवेश घेऊन शिकता येत नाही. त्यांना मी लायब्ररीत होणाऱ्या गप्पांच्या फुकट वर्गाला पाठवते. तिथे व्हिसा कुणी विचारत नाही आणि गप्पाही चांगल्या रंगतात.

अर्ज ऑनलाइन, सगळ्या कॉलेजांना एकच. त्यात अडलं ते नावाशी. आपलं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव ही आपली रीत. पासपोर्टवर पहिली दोन एकाच रकान्यात बसलेली. फॉर्मला फर्स्ट, मिडल, लास्ट असे तीन तुकडे हवे होते. लेकीने सांगितलं, ग्रीन कार्डवर जसं आहे अगदी तसंच घाल, नाहीतर पुढे प्रत्येक खिडकीवर खुलासे देत बसशील. हा सल्ला मी आता सगळ्यांना देते.

नंतर आली चाचणी, कॅसास नावाची. वाचायचं आणि ऐकायचं असे दोन भाग, दोन्हींत पर्याय निवडायचे. बसचं वेळापत्रक, भाड्याच्या घराची जाहिरात, औषधाच्या बाटलीवरची सूचना असे प्रश्न. वाचनाचा भाग मी हसतखेळत सोडवला. ऐकण्याच्या भागात एका वाक्याचा अर्थ लावेपर्यंत पुढचं सुरू झालेलं असायचं. निकालात दोन्ही गुणांमध्ये इतकं अंतर, की कार्यालयातल्या बाईंनी कागद दोनदा पाहिला. मग त्या म्हणाल्या, वाचनाप्रमाणे वरच्या वर्गात बसा.

मी नको म्हटलं. वरच्या वर्गात निबंध लिहायला लावतात, आणि निबंध मला येतो! माझं अडतंय ते ऐकण्यापाशी, मला त्या पातळीवर बसवा, असं मी तुटक्या इंग्रजीत पण ठामपणे सांगितलं. थोडी खळखळ झाली, पण ऐकलं त्यांनी. मला वाटतं, आपल्याकडून येणाऱ्या बहुतेकांची हीच गत असते. आपण इंग्रजी डोळ्यांनी शिकलेलो असतो. क्रेडिटच्या ईएसएलला तर २०१७च्या एका कायद्यानंतर नमुन्याचे उतारे बघून पातळी आपण स्वतःच ठरवायची अशी पद्धत आली. चांगलीच आहे, पण उतारे वाचून आपल्यासारखी बाई स्वतःला वरच चढवणार.

वर्गात व्हिएतनामी, चिनी, इराणी, अफगाण, मेक्सिकन, सगळे होते. जोडी जमली ती एका मेक्सिकन बाईशी. तिची इतकी वर्षं हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत गेलेली. बोलायला लागली की थांबायची नाही, समोरच्याचं अर्धं वाक्य ऐकून पुढचं ओळखायची. लिहायला दिलं की मात्र पेन खाली ठेवायची. मी तिला स्पेलिंगं सांगायचे, ती मला ऐकलेलं पुन्हा सावकाश म्हणून दाखवायची. शिक्षिकेने आम्हाला सत्रभर एकाच बाकावर राहू दिलं, हे तिचं शहाणपण.

शिक्षिकेकडून मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे वजन ऐकणं. आपण मराठीत जवळजवळ सगळी अक्षरं सारख्याच जोराने म्हणतो, आणि इंग्रजीही तसंच बोलतो. अमेरिकन माणूस एका अक्षरावर जोर देतो आणि बाकीची गिळतो. 'कॅन' आणि 'कान्ट' घ्या. मी शेवटच्या 'ट'ची वाट बघत बसायचे, आणि इथे तो 'ट' धड उच्चारतच नाहीत. होकारातला 'कॅन' नुसता 'कन्' होऊन पुढच्या शब्दाला चिकटतो. नकारातला लांब आणि ठसठशीत 'कॅऽन्' ऐकू येतो. फिफ्टी आणि फिफ्टीनचंही तेच: पन्नासात जोर आधी, पंधरात बहुधा शेवटी. 'वॉक्ड' हे 'वॉक्ट' होतं आणि 'वॉन्टेड'मधला 'एड' मात्र स्वच्छ उरतो, याचाही नियम आहे. शाळेत हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी कोण, आमच्या गुरुजींनीही इंग्रजी पुस्तकातूनच उचललेलं.

बसमध्ये मी शेजारच्यांच्या गप्पा कान देऊन ऐकायचे, अर्थासाठी नाही, नुसता जोर कुठे पडतो ते टिपायला. सभ्यपणाचं नाही हे कबूल.

सत्राच्या शेवटाकडे पुन्हा कॅसास झाली. ती आपल्याइतकीच कॉलेजासाठीही असते, कारण प्रौढ शिक्षणाचं फेडरल अनुदान विद्यार्थ्यांची प्रगती मोजून दाखवण्याशी जोडलेलं आहे. त्या दिवशी गैरहजर राहू नका, शिक्षिका खट्टू होतात. माझे ऐकण्याचे गुण वाढले, वाचनाचे होते तिथेच राहिले.

पुढे नागरिकत्वाचा अर्ज करायचा आहे. वय ५५ आणि ग्रीन कार्डला १५ वर्षं झालेली असली तर इंग्रजीतून सूट मिळते, पण तोवर कोण थांबणार? वाचायच्या तीन वाक्यांतलं एक आणि लिहायच्या तीनांतलं एक बरोबर आलं की तो भाग पार पडतो. बोलण्याची वेगळी परीक्षा नसते. अर्जातल्या माहितीवर अधिकारी जे विचारतो, ते कळून उत्तर देता येतंय का, हे तिथेच जोखतात. म्हणजे पुन्हा कानच.

आमच्या ह्यांनी बँकेत जन्मभर इंग्रजीत पत्रव्यवहार केला, त्यामुळे वर्गाची गरज त्यांना वाटत नाही. डॉक्टरांकडे गेलं की मात्र मलाच पुढे करतात. ऑगस्टच्या सत्रासाठी मी त्यांचा अर्ज भरून ठेवलाय. संध्याकाळचे वर्ग लवकर भरतात.