मागोची वही: बैल झाले, आता द्राक्षं

मंडळी, कार्थेज या उत्तर आफ्रिकेतल्या प्राचीन नगरीतला शेती-लेखक मागो, त्याचे विखुरलेले उतारे मराठीत आणायचं काम पुढे सरकलंय. नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: मागोने प्युनिक, म्हणजे कार्थेजच्या भाषेत शेतीवर २८ खंड लिहिले, त्यांतला एकही आज उरलेला नाही. इ.स.पूर्व १४६ मध्ये रोमनांनी कार्थेज बेचिराख केलं, तिथली ग्रंथालयं आफ्रिकेतल्या राजांना वाटून टाकली. मागोचे खंड मात्र रोमच्या सिनेटने लॅटिनमध्ये उतरवून घेतले. शत्रूचं सगळं गाडून त्याचं शेतीचं पुस्तक तेवढं जपायचं, याचं मला अजूनही नवल वाटतं. युटिकाच्या कॅसियस डायोनिसियसने त्याचं ग्रीकमध्ये २० खंडांत रूपांतर केलं, डायोफेनीसने ते ६ खंडांवर आणलं. हे लॅटिन आणि ग्रीक अवतारही गेले. आपल्या हाती आहे ते व्हारो, कोलुमेला, प्लिनी या रोमन लेखकांनी जागोजागी दिलेले हवाले.

कोलुमेलाच्या शेतीवरच्या ग्रंथाच्या सहाव्या खंडातला बैलखरेदीचा उतारा पुरा झाला. बैल तरणा, चौरस बांध्याचा हवा. शिंगं लांब, काळपट, मजबूत. कपाळ रुंद, त्यावर कुरळे केस. कान केसाळ, डोळे आणि ओठ काळे, मानेखालची पोळी जवळजवळ गुडघ्यापर्यंत लोंबणारी, अंगाला हात लावला तर मऊ. बैलबाजारात पारखी माणूस जनावराभोवती फिरतो, अगदी त्याच क्रमाने नजर फिरते. रंग मात्र तांबडा किंवा काळपट सांगितलाय, आपल्या खिलाराचा पांढरा नाही.

सध्या बाराव्या खंडातली मनुकांची गोड वाइन हातात आहे. लवकर पिकलेली द्राक्षं घ्यायची, बुरशी लागलेले मणी काढून टाकायचे, बोरूच्या मांडवावर उन्हात पसरायची आणि रात्री दव पडू नये म्हणून झाकायची. सुकलेले मणी रांजणात घालून बुडतील इतका उत्तम ताजा रस ओतायचा. सहाव्या दिवशी मणी रस पिऊन फुगले की पिळून घ्यायचे. दवाची ही काळजी वाचली की पटतं, हा माणूस मांडवाशेजारी उभा राहिलेला आहे. कोलुमेला त्याला शेतीशास्त्राचा जनक म्हणतो ते उगाच नाही.

मेलेल्या बैलाच्या पोटातून मधमाश्या निपजतात, ही चुकीची समजूतही मागोच्याच नावावर आहे. तो हवालाही वहीत जसाच्या तसा घेतोय, गाळणार नाही. त्यानंतर प्लिनीकडे वळेन: ऑलिव्हच्या दोन झाडांत ७५ फूट अंतर ठेवा, असं मागो सांगतो तो उतारा.