टॅग : मिलो

एम.ए. इतिहासाच्या वर्गाला १९७२च्या दुष्काळावर प्रकल्प दिला होता. मराठवाड्यातल्या कॉलेजात हा विषय दिला की मुलं खूश असतात, कारण माहिती घरातच मिळणार असते. आणि मग सगळी मुलं घर सोडून गुगलवर जातात. म्हणून अट घातली होती : सापडेल ते व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचं नाही, झोटेरो या संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरवरच्या आपल्या ग्रुपमध्ये साठवायचं. प्रत्येक नोंदीला दोन तरी टॅग, म्हणजे विषय सांगणारे शब्द, लावायचे आणि हे का ठेवलं, ते एका ओळीत लिहायचं.

व्हॉट्सअ‍ॅपवरची लिंक दुसऱ्या दिवशीच्या गुड मॉर्निंगखाली गाडली जाते, हा अनुभव सगळ्यांचाच. मी पीएच.डी. करत होते तेव्हा डिलिशस ही लिंका साठवून टॅग लावायची साइट जोरात होती. २००३मध्ये जोशुआ शॅक्टरने ती सुरू केली, २००५मध्ये याहूने घेतली, मग ती या हातातून त्या हातात गेली. २०१७मध्ये पिनबोर्ड या तसल्याच साइटने ती विकत घेऊन नव्या नोंदी बंद केल्या. संशोधकांसाठीचं कॉनोटिया २०१३मध्ये गेलं, साइटयूलाइक २०१९मध्ये. म्हणून ग्रुपची फाइल दर महिन्याला उतरवून घ्यायची, हे काम वर्गप्रतिनिधीकडे दिलंय. फुकटच्या जागेचा भरवसा किती धरायचा!

एका शनिवारी लॅबमध्ये प्रोजेक्टरवर नुसती टॅगची यादी लावली. ‘दुष्काळ’, ‘दुश्काळ’, रोमन लिपीतला दुष्काळ, शिवाय इंग्रजी शब्द वेगळा. ‘शेतकऱ्यांची स्थिती’ हा टॅग तर दोनदा, आणि दोन्हींत काडीचाही फरक दिसेना. डीटीपीची कामं करणारा एक मुलगा उठला. एकाने सरळ ऱ टाइप केलाय, दुसऱ्याने र, हलन्त आणि शिवाय अक्षरं जोडणारं एक न दिसणारं चिन्ह. आपल्याला सारखं दिसतं, मशीनला नाही, असं त्याने सांगितलं. एका टॅगला दुसऱ्याचं नाव दिलं की दोन्ही एक होतात. त्याने तिथल्या तिथे ते केलं, ‘दुश्काळ’ही मार्गी लावला.

मग ‘दुष्काळ’वर क्लिक केलं. नोंदी भरपूर. त्या एकापाठोपाठ उघडत गेलो आणि चौथ्या-पाचव्या पानाला वर्गात कुजबुज सुरू झाली. “मॅडम, हे तर आत्ताच वाचलं की.” तोच परिच्छेद, तीच वाक्यं, ‘परिस्थिती’तली तीच ऱ्हस्व-दीर्घाची चूक. ‘कोणी टाकलं’ या रकान्यात नावं वेगवेगळी आणि मजकूर एकच. प्रत्येकाने आपलं पान एकट्याने वाचलं असतं, तर प्रत्येकाच्या प्रकल्पात तो परिच्छेद आला असता, आणि मी तपासताना मुलांनाच कॉपीबहाद्दर ठरवलं असतं.

रोजगार हमीच्या सालावरून मात्र खरी जुंपली. एका नोंदीत १९७२, दुसरीत १९७७, तिसरीत १९७९. कोण चुकलं? कोणीच नाही. योजना १९७२ची, कायदा १९७७चा, आणि तो लागू झाला २६ जानेवारी १९७९ला. ‘हे का ठेवलं’ या ओळींत तिघांनीही आपापल्या सालाचं कारण लिहिलं होतं, त्यामुळे निकाल मला द्यावा लागला नाही. ही योजना ज्यांच्या कल्पनेतून आली त्या वि. स. पागे यांचं नावही त्यातल्याच एका ओळीत होतं. पाठ्यपुस्तकी उत्तरांत ते बहुतेक वेळा गाळलं जातं.

यादीच्या खालच्या टोकाला एक टॅग होता : ‘मिलो’. नोंदी जेमतेम, आणि सगळ्या एकाच मुलीच्या. मागून कोणीतरी विचारलं, “हे ते दुधात घालायचं?” हशा पिकला. ती मुलगी एरवी वर्गात बोलत नाही.

“लाल ज्वारी आहे ती. अमेरिकेची. रेशनवर मिळायची. आजी म्हणती, भाकरी थापली की चिरायची, पण खाल्ली.”

तिने आजीचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून नोंदीला जोडलं होतं. ते लावलं. आजी खडी फोडायच्या कामावर होती. मुकादम, हजेरी, मस्टरवरचा अंगठा, पोरांना मिळणारी सुकडी, सगळं एका दमात. मधेच कोंबड्यांना हाकलणं. रेकॉर्डिंग संपायच्या आत समोरच्या पडद्यावर टॅग उगवायला लागले. पोरं आपापल्या मोबाइलवरून जुन्या नोंदींना जोडत होती : ‘सुकडी’, ‘खडी’, ‘पाझर तलाव’, ‘मस्टर’.

‘मस्टर’वर क्लिक केलं तर आजीच्या शेजारी अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांचा इंग्रजी लेख येऊन बसला. एका मुलाने तो आधीच ठेवला होता, ‘मदतकार्य’ या टॅगखाली, आणि इंग्रजी म्हणून कोणी उघडला नव्हता. मे १९७३मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास मजूर होते, हा आकडा त्यात आहे. तो वाचून दाखवल्यावर ती मुलगी म्हणाली, “म्हणजे आजी त्यात धरलीये.”

ग्रंथालयातलं वर्गीकरण मला नकोय असं नाही. पण त्यात हा विषय ‘दुष्काळ’पाशीच थांबला असता. ‘मिलो’ हे नाव ज्याने ती भाकरी खाल्ली किंवा खाणाऱ्याकडून ऐकली, तोच देणार. सामायिक टॅगिंगची सगळी ताकद मला तिथे दिसते. लिंका साठवायला वहीसुद्धा पुरते.

रेकॉर्डिंगमध्ये गावातल्या दोन माणसांची नावं होती, मुकादमाचं तर शिवीसकट. आजीला विचारून नावं वगळलेली प्रत ग्रुपमध्ये ठेवायची आणि मूळ फाइल तिच्या स्वतःच्या खात्यात, असं ठरलं.

उरली ती एकसारखी पानं. मुलांचं म्हणणं, डिलीट करू. मी नको म्हटलं. त्यांना ‘नक्कल’ असा टॅग लावला आहे. डीटीपीवाला आणि आणखी एक जण आता वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटवर, तो परिच्छेद सर्वांत आधी कुठे दिसतो, ते शोधताहेत. ‘परिस्थिती’तली चूक त्यांना त्यात फार कामाला येतेय.