दिवाणावरचं जंगल

दिवाणावरच्या रिकाम्या भिंतीवर अखेर अस्पेन या झाडांच्या जंगलाचं चित्र लागलं. चार फूट रुंद कॅनव्हास. पांढरी खोडं, हळदीसारखी पिवळी पानं, मागे निळसर डोंगर. आई म्हणाली, "अगं, खोडांना डोळे काढलेत!" ते डोळे खरेच असतात. खालच्या फांद्या गळल्या की त्यांचे काळे वण उरतात. देठ चपटा, म्हणून पान जराशा वाऱ्यानेही थरथरतं. अमेरिकेतल्या युटामधलं 'पांडो' नावाचं अस्पेनचं जंगल तर सुमारे ४३ हेक्टरांवर पसरलंय. हजारो खोडं, पण मुळांचं जाळं एकच, म्हणजे झाडही एकच! मला हे फार भावतं.

आमच्या ठाण्याच्या खिडकीतून येऊरचे डोंगर दिसतात. उन्हाळ्यात पानं झडलेला कांडोळही असाच पांढराफटक उभा असतो. पुढचं चित्र त्याचं. मीच रंगवणार.