तुम्ही विचारलंत म्हणून: मालिका सपाट का झाली?

बडोद्यात, गणपतीत दांडिया बाजारच्या मांडवात, लग्नाच्या पंगतीत, रावपुऱ्यात रिक्षाची वाट बघताना, प्रश्न एकच. "'बिग हिरो सिक्स' सिनेमा काय देखणा होता! मग त्याची मालिका अशी सपाट चित्रांची का काढली? पैसे वाचवले ना?" आणि वर, "तुम्ही टूडी अ‍ॅनिमेशन शिकवता, तुम्हाला ठाऊक असेल."

हो, वाचवले. आता पुढचंही ऐका.

सिनेमा २०१४चा, त्रिमितीतला, म्हणजे संगणकात घडवलेल्या मॉडेलांचा, १०२ मिनिटांचा. मालिका २०१७ ते २०२१, तीन सीझन, रेघेतली, म्हणजे टूडी. भाग साधारण २२ मिनिटांचा. सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे भागाला ३१,६८० फ्रेम. 'टूज'वर केलं, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम धरलं, तरी १५,८४० चित्रं. पाच भागांतच सिनेमाची लांबी ओलांडते, आणि पुढचा भाग दारात उभा असतो.

आता त्यातला रोबो, बेमॅक्स, घ्या. पांढरा, फुगीर. सिनेमात त्याची गोलाई दिसते ती उजेडामुळे. उजेड त्याच्या कातडीत मुरतो आणि कडेला मऊ होऊन बाहेर येतो. टूडीत तुमच्याकडे एक मूळ रंग आणि एक सावलीचा. गोलाई रेघेनेच आणायची. चेहरा मात्र दोन ठिपके आणि त्यांना जोडणारी एक रेघ; जपानी देवळातल्या सुझू घंटेवरून सुचलेला. म्हणजे मुळातच सपाट! भुवया नाहीत, तोंड नाही. सगळा अभिनय मानेच्या कलण्यात आणि पोटाच्या हेलकाव्यात. हे टूडीला जमतं, छान जमतं. म्हणून 'सपाट' हा शब्द शिवीसारखा वापरलात की चिडते.

मालिका आली तेव्हा तर मी वर्गात इथल्या तांबेकर वाड्यातल्या भिंतींवरच्या जुन्या चित्रांचा दाखला द्यायचे. बघा, कुठे सावली नाही, तरी माणसं जमिनीवर पाय रोवून उभी आहेत. दाखला चुकीचा नव्हता. पण भिंतीवरच्या माणसाला वळावं लागत नाही, आणि कुणाला मिठी तर मुळीच मारावी लागत नाही.

मिठीपाशीच माझं बोलणं अडलं. वर्गातला सराव होता: फुग्यासारखा रोबो एका मुलाला जवळ घेतो. पात्रं आमचीच. चार सेकंद, ९६ फ्रेम, टूजवर ४८ चित्रं. आधी सगळं रिगवर केलं, म्हणजे हात, धड, डोकं असे सुटे तुकडे सांध्यांवर फिरवले. मुलगा पोटावर स्टिकर चिकटवावा तसा दिसला. मग पोटाच्या कडेचे सहा बिंदू आत ओढून खळगा केला. आता रोबोतली हवा गेली. फुगा इथे दाबला तर तिथे फुगतो. रिगला हे कुणी सांगितलेलं नसतं, पाठीकडची कड तेवढीच बाहेर काढावी लागते. मग हात. खांदा पोटाच्या थरात, पंजा मुलाच्या पाठीवर, सगळ्यांत पुढे. म्हणजे हात कोपरात तोडून दोन थरांत ठेवायचा, आणि थरांची अदलाबदल सर्वांत वेगवान फ्रेमवर लपवायची. एक चित्र उशिरा केली की पंजा मुलाच्या छातीतून आरपार जातो. वर्ग हसला. हसण्यासारखंच होतं.

शेवटी स्पर्शाची १८ चित्रं हाताने काढली, उरलेली ३० रिगवर. तरी जोडाशी रेघ उडी मारत होती. कारण अगदी क्षुल्लक: रिग शॉटमध्ये ८० टक्के लहान करून बसवला होता, त्यामुळे त्याची पाच पिक्सेलची रेघ चार झाली होती, हाताने काढलेली रेघ पाचच. अठरा चित्रं पुन्हा क्लीनअपला, म्हणजे रेघ नव्याने पक्की करायला. दीड दिवस, एका माणसाचा, एका मिठीसाठी.

शॉट सरासरी चार सेकंदांचा धरला तर भागात ३३० शॉट. दीड दिवसाने गुणा, ४९५ दिवस होतात. म्हणून मालिकावाले काय करतात? मिठी लागायच्या क्षणी कट. पुढच्या शॉटमध्ये खांद्यावरून दिसणारा चेहरा, दोन ठिपके मिटलेले. स्पर्श तुम्ही मनात पुरा करता. याला मी कसब म्हणत आले. त्या दीड दिवसानंतर म्हणताना जीभ जरा अडखळते, कारण स्पर्शाची अठरा चित्रं चालताना पाहिली आणि वर्गात कुणी काही बोललं नाही.

तर मग तुमचं खरं? तसंही नाही. मारामारी, उड्डाण, पाठलाग रेघेत अधिक चपळ होतात. तिथे सिनेमासारखं वजन आणायला गेलात तर पात्रं ओल्या गोणीसारखी पडतात. सपाटपणा खटकतो तो सगळीकडे नाही, फक्त जिथे एक अंग दुसऱ्याला टेकतं तिथे. आणि तेवढ्या जागांसाठी मालिका त्रिमितीत करा म्हणाल, तर बऱ्याच भागांना नवं ठिकाण, नवा खलनायक लागतो. प्रत्येकाचं मॉडेल, रिग, पोत आधी उभं करावं लागेल. टूडीत त्याच खलनायकाचा टर्नअराउंड, समोरून, पाऊण, बाजूने, पाठीमागून, कागदावर चार चित्रांत मिळतो.

आमच्या शॉटमध्ये मिठी सुटतानाची सहा चित्रं अजून पटलेली नाहीत. पोट परत फुगतं ते एक चित्र लवकर, की मुलगा एक चित्र उशिरा मागे सरतो, यावर वर्गात अजून दोन तट आहेत.