मांडव्याची रो-रो: तिथी, भरती आणि कॅमेरा (हंगामाची नोंद)

मंडळी, भाऊचा धक्का ते मांडवा रो-रोच्या (माणसांबरोबर गाड्याही नेणाऱ्या बोटीच्या) फोटोंचं काम कुठवर आलंय, त्याची ही नोंद. लेन्स कोणती, बॉडी कोणती यावर आपल्यात बरंच बोलून झालंय. या हंगामातले फोटो शेजारी शेजारी मांडून पाहिले की एक गोष्ट लगेच दिसते: चांगल्या आणि बऱ्या फोटोंमधला फरक लेन्समुळे फारसा पडलेला नाही, तो भरतीची वेळ आणि सूर्याची बाजू यांमुळे पडलाय. म्हणून आज त्यावरच जास्त.

बोट तीच, एम२एम-१. २०१९ साली ग्रीसमध्ये बांधलेली. १५ मार्च २०२० ला सेवा सुरू झाली, लॉकडाऊनमुळे लगोलग बंद पडली आणि त्याच ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झाली. रस्त्याने शंभर किलोमीटरच्या वर जाणारं अंतर समुद्रातून विसाच्या आत येतं, प्रवास साधारण तासाभराचा. आपल्या दृष्टीने तिचं मोठेपण असं की गेटवेहून सुटणाऱ्या कॅटामरान पावसाळ्यात बंद असतात तेव्हाही हवा बघून ही चालू असते. काळे ढग, फेसाळ पाणी आणि त्यात इतकी मोठी प्रवासी बोट, हे मुंबईच्या बंदरात दुसरीकडे मिळत नाही.

आधी सूर्य. नकाशा उघडा: मांडवा भाऊच्या धक्क्याच्या जवळपास सरळ दक्षिणेला आहे, जरासा पूर्वेकडे कललेला. म्हणजे बोट सगळा वेळ उत्तर-दक्षिण धावते. मांडव्याच्या जेट्टीवर उभं राहून येणारी बोट टिपायची तर तोंड उत्तरेला. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सूर्य दिवसभर दक्षिणेकडे, म्हणजे तुमच्या पाठीशी. सकाळी उजव्या खांद्यावरून, दुपारनंतर डाव्या. याउलट भाऊच्या धक्क्यावरून बोट येताना असो वा जाताना, तोंड दक्षिणेला, म्हणजे हिवाळ्यात अख्खा दिवस प्रकाश समोरून. तिथून निघालेले हिवाळी फोटो बहुतेक काळपट का येतात याचं उत्तर एवढंच आहे. धक्क्यावरचा चांगला प्रकाश मे महिन्यात, सकाळी नऊच्या आत, कारण तेव्हा सूर्य ईशान्येच्या बाजूने उगवतो. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटी मुंबईत सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. त्या दिवसांत अकरा ते दोन कॅमेरा बॅगेतच बरा: वरच्या डेकची सावली खालच्या सगळ्या खिडक्यांवर पडते आणि बोट सपाट दिसते. डिसेंबरच्या दुपारी सूर्य पन्नास अंशांच्याही वर चढत नाही, त्यामुळे तेव्हा दुपारसुद्धा चालते.

आता भरती. जेट्टीची उंची ठरलेली, बोट मात्र पाण्याबरोबर वरखाली होते. मुंबईत उधाणाची (पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची) सरासरी भरती ४.४ मीटरच्या आसपास आणि ओहोटी ०.८ च्या आसपास. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा) हेच आकडे ३.३ आणि १.९ होतात. म्हणजे उधाणाच्या दिवशी सहा तासांत बोट तुमच्या डोळ्यांसमोर साडेतीन मीटरहून जास्त खाली जाते, भांगाला जेमतेम दीड मीटर. एकाच जागेवरून, एकाच लेन्सने काढलेले दोन फोटो दोन वेगळ्या बोटींचे वाटतात ते यामुळे. भरतीला बोट अंगावर येते, वरचे मजले आकाशात जातात. ओहोटीला नजर वरून पडते, गाड्यांचा डेक, रॅम्प, दोर, सगळं मोकळं दिसतं. दोन्ही हवंच, पण काय मिळणार हे घरून निघताना माहीत असावं.

त्यासाठी कोकणातला जुना हिशेब पुरतो: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणून तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावास्येला हिशेबाने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात बाराच्या आसपास धरा. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून आदल्या रात्री भरतीचं कोष्टक पाहायचंच, पण महिन्याचा आराखडा कालनिर्णय समोर ठेवून पाच मिनिटांत होतो.

या हिशेबातून निघणारी गोष्ट आपल्यातल्या अनेकांच्या लक्षात आलेली नव्हती. उधाणाची भरती मुंबईत दुपारी बाराच्या सुमाराला (आणि मध्यरात्री) येते, म्हणजे उधाणाची ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमाराला. त्यामुळे सोनेरी उन्हात, पूर्ण उधाणावर, उंच चढलेली बोट हा फोटो इथे मिळतच नाही. सहाला भरती हवी तर अष्टमी, आणि अष्टमी म्हणजे भांग, पाणी अर्धवट. कितीही चकरा मारा, चंद्र ऐकायचा नाही.

तडजोड आहे. द्वादशीला भरती सकाळी नऊला, त्रयोदशीला पावणेदहाला, आणि पाणी उधाणाकडे चढत असतं. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे नऊला तो अजून खालीच असतो, ऊन कोवळं. संध्याकाळसाठी पंचमी: भरती पावणेचारला, उधाण ओसरत असलं तरी पाणी बऱ्यापैकी. सर्वात मोठं उधाण पौर्णिमा-अमावास्येच्या दिवशी नसून एक-दोन दिवसांनी असतं, त्यामुळे पंचमीला त्याची शिल्लक अजून हाताशी असते. या दोन वेळांना काढलेले मांडव्याचे फोटो संग्रहात सगळ्यांत वर आहेत. पावसाळ्यात दिवसाची भरती मोठी असते, हिवाळ्यात रात्रीची. त्यामुळे नुसता उंच चढलेल्या पाण्याचा फोटो हवा असेल तर जून ते ऑगस्टमधली उधाणाची दुपार गाठा आणि प्रकाशाची हौस विसरा.

मांडव्याला बोट लागतानाची मालिका कशी घ्यायची ते जरा सविस्तर. बोट वेग कमी करते तिथपासून रॅम्प टेकेपर्यंत मोजके काही क्षण कामाचे असतात. पहिला, नाळेसमोरचं (बोटीच्या पुढच्या टोकासमोरचं) पांढरं पाणी विरून जातं तो. याच्या आधी शटर दाबा, नाहीतर चालती बोट उभी असल्यासारखी दिसते. दुसरा, प्रोपेलरचं पाणी पुढे फेकलं जाऊन बोटीच्या कडेने मातकट पट्टा उठतो तो. मांडव्याला गाळ साचतो, चॅनेल उपसावं लागतं, आणि ओहोटीला हा पट्टा इतका गडद होतो की बोट चहात उभी आहे असं वाटतं. भरतीला हाच पट्टा हिरवट आणि पातळ. तिसरा, रॅम्प अर्धा खाली आलाय, त्याच्या ओठावरून पाणी ठिबकतंय आणि खलाशी दोर हातात घेऊन तिरका उभा आहे. हा क्षण १/५०० सेकंदाच्या शटरला घ्या, थेंब गोठतात. १/१२५ ला थेंबांच्या रेघा होतात आणि खलाशाचा हात पुसला जातो. रॅम्प टेकला की पहिल्या गाडीचे हेडलाइट थेट लेन्समध्ये येतात. दोन पावलं बाजूला सरकलं की काम होतं. गाड्यांच्या वाटेत मात्र अजिबात जायचं नाही. ट्रायपॉड उघडला की सुरक्षारक्षक विचारायला येणार हे गृहीत धरा, मोनोपॉड चालून जातो.

फ्रेम किती भरेल याचा हिशेब: फुलफ्रेमवर २०० मिमी लेन्स ५०० मीटरवर ९० मीटर रुंदी पकडते, दीडपट क्रॉप असेल तर ६०. मांडव्यासाठी ७०-२०० पुरेशी आहे. ४०० मिमी घेऊन दोन किलोमीटरवरची बोट ओढायचा मोह टाळा. ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरते, खिडक्यांच्या कडा लाटेसारख्या वाकतात आणि ते कोणत्याही सॉफ्टवेअरने सरळ होत नाही. लेन्स मऊ आली (फोटो धारदार येत नाहीत), परत द्यावी का, असे जे प्रश्न येतात त्यांतले बरेच खरं तर या हवेचे आहेत. पडताळा सोपा: त्याच लेन्सने शंभर मीटरवरचा बोलार्ड (दोर बांधायचा खुंटा) काढा. तो धारदार आला तर लेन्स ठीक आहे.

एक्सपोजरचं गणित दोन तऱ्हांनी फसतं. बोटीचा पांढरा भाग फ्रेम भरून असेल तर कॅमेऱ्याचा प्रकाशमापक (मीटर) त्याला राखाडी करतो, तिथे एक्सपोजर +०.७ द्या. उलट पावसाळ्यात काळपट पाण्यावर लहानशी पांढरी बोट असेल तर मीटर पाण्याच्या नादाने उजेड वाढवतो आणि बोट जळते, तिथे -०.७. हिस्टोग्रामचा उजवा टोक कापला जात नाही ना, तेवढं बघा. पोलरायझरने पाण्याची चकाकी जाते खरी, पण दीड ते दोन स्टॉप उजेड जातो आणि वाइड लेन्सवर आभाळ एका कोपऱ्यात गडद होतं. बोटीवरून काढताना नकोच. डेकला इंजिनची थरथर असते, त्यामुळे रेलिंगला कोपर टेकवू नका, अंगाशी धरा, आणि १/१००० च्या खाली उतरू नका.

बोटीवर बसून काढणाऱ्यांसाठी एक ठळक सूचना. मांडव्याकडे जाताना उजव्या हाताला सुरुवातीला नौदलाची गोदी येते. त्या बाजूला लेन्स रोखायची नाही, मोबाइलसुद्धा नाही. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ हा गमतीचा विषय नव्हे. डाव्या बाजूला भरपूर काही आहे: जवाहर द्वीपाचे तेलाचे धक्के, मागे घारापुरीचा डोंगर, न्हावा-शेव्याला जाणारी कंटेनर जहाजं, पुढे करंजाचा डोंगर. सकाळच्या फेरीत ऊनही त्याच बाजूने येतं, त्यामुळे पाण्यापेक्षा बोटीचाच डावा अंग उजळलेला मिळतो. मोरा आणि रेवसच्या लाकडी लाँच याच पाण्यातून जातात. लाँच आणि रो-रो एका फ्रेममध्ये आली की मोठेपणाचा अंदाज आपोआप येतो. ड्रोन घरी ठेवा.

खाऱ्या वाऱ्याने लेन्सवर मिठाचे कण बसतात. कोरड्या फडक्याने घासलं तर कोटिंगवर चरे पडतात. आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेलं फडकं हलकेच टेकवायचं, मग कोरडं. एसी लाउंजमधून एकदम डेकवर आलं की काच धुरकटते, आतूनही, म्हणून कॅमेरा बंद बॅगेत ठेवून वीसेक मिनिटं बाहेरच्या हवेला येऊ द्या. पावसाळ्यात घरी डब्यात सिलिका जेल, नाहीतर दिवाळीपर्यंत बुरशी.

एआयएसबद्दल, म्हणजे बोटी रेडिओवरून आपली जागा आपोआप कळवतात त्या यंत्रणेबद्दल. मोठ्या बोटींचा क्लास ए ट्रान्सपॉन्डर १४ नॉटपर्यंत दर १० सेकंदांनी जागा सांगतो, १४ ते २३ मध्ये दर ६, त्यावर दर २, आणि नांगरावर असताना दर ३ मिनिटांनी. अॅपवर ते उशिरा पोचतं, त्यामुळे बोट दिसते त्याच्या थोडी पुढे असते. १४ नॉट म्हणजे सेकंदाला ७.२ मीटर, मिनिटभराच्या उशिरात चारशे मीटरहून जास्त. गंतव्य स्थान हाताने भरलेलं असतं, ते कित्येकदा जुनंच राहतं, त्यावर विसंबू नका. एम२एम प्रिन्सेस ही वेगवान बोट जयगड-विजयदुर्गसाठी जाहीर झाली तेव्हा २५ नॉट सांगितले गेले होते. त्या वेगाला सेकंदाला जवळजवळ १३ मीटर होतात, म्हणजे वरची सगळी गणितं तिच्यासाठी नव्याने मांडायची.

फोटोवरून बोट ओळखताना आयएमओ क्रमांक (जहाजाचा सात आकडी कायमचा ओळख क्रमांक) अर्धवट वाचता येत असेल तर शेवटचा आकडा पडताळायला उपयोगी पडतो. पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा, बेरीज करा, बेरजेचा एकम स्थानचा आकडा सातव्याशी जुळला पाहिजे. ९०७४७२९ घ्या: ६३+०+३५+१६+२१+४ = १३९, शेवटी ९, जुळलं. नाव बदललं, मालक बदलला, तरी हा क्रमांक बदलत नाही, त्यामुळे परदेशातून आलेल्या बोटींचा माग याच्यावरून काढा.

नोंदीचा साचा आता असा ठरवलाय: तारीख, तिथी, बोट, ठिकाण, तोंडाची दिशा, पूर्ण भरतीपासूनचं अंतर, आकाश. उदाहरणार्थ, «पौष शुद्ध द्वादशी, एम२एम-१, मांडवा, उत्तर, भरती+०:२०, विरळ धुरकं». «भरती+०:२०» म्हणजे पूर्ण भरतीनंतर वीस मिनिटं. कॅमेऱ्याचं घड्याळ दर वेळी मोबाइलशी जुळवा, नाहीतर हा रकाना निरर्थक होतो.

कोकण बोटींच्या जुन्या फोटोंचं काम मात्र हळू चाललंय. रोहिणी, कोकण सेवक, कोकण शक्ती यांचे घरगुती अल्बममधले फोटो येताहेत, पण पाठीमागे लिहिलेलं नाव बरेचदा नंतर आठवणीने लिहिलेलं असतं. त्यावर जाऊ नका. चिमणीचा आकार, लाइफबोटींची संख्या, ब्रिजच्या (कप्तानाच्या खोलीच्या) खिडक्या मोजा. स्कॅन करताना ६०० डीपीआयच्या खाली नको, आणि मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का तारखेला मदत करतो.

राहिलेलं काम: पौष आणि माघातल्या द्वादशी-त्रयोदशीच्या सकाळी मांडवा, भाऊच्या धक्क्यावर मेमधली सकाळ, आणि उधाणाच्या ओहोटीला वरून दिसणारा पूर्ण रिकामा गाड्यांचा डेक. हा शेवटचा कुणाकडेच धड नाही. गाड्या उतरल्यावर आणि नव्या चढण्याआधी, संध्याकाळी सहा-साडेसहाला ओहोटी असलेल्या दिवशी प्रयत्न करावा. ती फेरी त्या दिवशी आहे का, हे आधी वेळापत्रकात पाहा, वार आणि हंगामाप्रमाणे ते बदलतं.